तीनदा नको

पहिल्याच भेटीत वॉल्टर क्विम्बी यांनी मला विचारलं होतं, "तुम्हाला टर्की कापता येते का?"

२००२ सालचा नोव्हेंबर होता. न्यू जर्सीतल्या आयसेलिनला आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि मी अंगणातली पानं ओढत होतो. कोपऱ्यावरच्या जुन्या लाकडी घरातून एक उंच, खांद्यात थोडे वाकलेले म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडून आले आणि आमच्या हिरवळीच्या कडेला थांबले. "मी पुढे येऊ का?" मी या म्हणालो. त्यांनी आपलं नाव सांगितलं, माझं विचारलं, 'पाटणकर' हे आडनाव दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला पॅट म्हटलं तर चालेल का?" चालेल म्हटल्यावर मग तो टर्कीचा प्रश्न आला. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत होई. इथे मी ते मराठीत देतो आहे.

"मी शाकाहारी आहे," मी म्हणालो.

"खायला कोण सांगतंय? कापायचीय फक्त."

मग त्यांनी खुलासा केला. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या त्यांच्या सणाच्या, जेवणाला त्यांच्या घराण्यातलं कुणीही सुरी हातात घेत नाही. पणजोबांपासूनची रीत. टर्की कापायला बाहेरचा पाहुणा लागतो. इतकी वर्षं हे काम आमच्याच घरात आधी राहणारे गृहस्थ करत असत, पण ते घर आम्हाला विकून फ्लोरिडाला गेले. "तेव्हा घराबरोबर ही जबाबदारीही तुमच्याकडे आली असं मी धरून चाललो होतो," क्विम्बी म्हणाले, "पण विचारून घेतलेलं बरं."

मी हो म्हटलं. घरात येऊन सांगितलं तर माझी बायको अलका हातातलं लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अहो, उभ्या जन्मात अंडं फोडलं नाहीत तुम्ही!"

ते खरं होतं. मी राजापूरकडचा. आयुष्यात सुरीने कापलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे फणस. त्यामुळे त्या दिवशी क्विम्बींच्या जेवणघरात ती भाजलेली टर्की समोर आल्यावर मी जे येत होतं तेच केलं. वर्तमानपत्र मागितलं, टेबलावर पसरलं. मग गोडं तेल मागितलं, दोन्ही हातांना आणि सुरीला लावलं. क्विम्बींची मुलगी कॅरोल ॲरिझोनाहून सणासाठी आली होती. ती तिथे चँडलर गावात शाळाशिक्षिका होती. तिने तोंडावर रुमाल धरला. "डॅड, ते सुरीला तेल लावतायत."

"लावू दे. आपण विचारलं, ते हो म्हणाले. आता कसं कापायचं ते त्यांचं ते बघतील."

मी उभा छेद दिला, दोन्ही भाग उलगडले आणि आतून एकेक तुकडा सुटा करत गेलो, गरे काढतात तसा. जेवायला बसायला बराच उशीर झाला. क्विम्बी शेवटी म्हणाले, "हा पक्षी आमच्या घरात खूपदा कापला गेलाय. सोललेला आज पहिल्यांदा पाहिला." पण पुढच्या वर्षी पुन्हा मलाच बोलावलं, आणि त्या वेळी तेलाची वाटी आधीच टेबलावर ठेवली होती.

त्यांचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे होतं. आयुष्यभर टेलिफोन कंपनीत काम केलेलं, खांबांवर चढून तारा जोडायचं. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. उंच, हाडापेराने मोठे, आणि बोलायला अत्यंत उत्सुक. रस्त्याने जाताना दिसले तर निदान अर्धा तास मोडायचा. आमच्या मुलीने, मृण्मयीने, त्यांना काय म्हणायचं असा प्रश्न आला. वयाने आजोबा म्हणायला हवं, म्हणून अलकाने तो शब्द त्यांना शिकवला. त्यांनी तीन-चार वेळा प्रयत्न केला आणि म्हणाले, "हा तोंडात मावत नाही. याहून लहान काही आहे का?" मग ते काका झाले. वॉल्टरकाका.

जेवणघराच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक दाढीवाला, लष्करी कोटातला: डॉक्टर अमोस क्विम्बी, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सर्जन, वॉल्टरकाकांचे पणजोबा. दुसरा खुर्चीत बसलेला, मांडीवर घोंगडी: त्याचा धाकटा भाऊ नेथन. या दोघांची गोष्ट मी वॉल्टरकाकांकडून इतक्यांदा ऐकली की ती मला पाठ आहे. ती त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेली, आणि ते आजोबा, म्हणजे अमोसचा मुलगा, लहानपणी त्याच टेबलाशी बसलेले. वर्षं जुळतात, एवढं मी पाहिलं आहे. बाकीची हमी देत नाही.

युद्धात नेथन साधा शिपाई होता. कुठल्याशा लढाईनंतर (कुठल्या, यावर क्विम्बी घराण्यात एकमत नाही) त्याला डाव्या पायात गोळी लागलेल्या अवस्थेत एका चर्चमध्ये आणलं. चर्चचं दार काढून ते दोन पिपांवर आडवं टाकलेलं होतं आणि त्यावर अमोस हातपाय कापत होता. किती कापले याचा आकडा दर खेपेला बदलत असे. मी एकदा तसं दाखवून दिलं, तर वॉल्टरकाका म्हणाले, "पॅट, कापणाऱ्याने मोजले नाहीत, मी कुठून मोजू?" तर नेथन भावाला म्हणाला, कापू नकोस. शुद्धीवर होता, स्पष्ट म्हणाला. अमोसने त्याच्या नाकावर क्लोरोफॉर्मचं फडकं ठेवलं आणि गुडघ्याखाली पाय कापला.

नेथन जगला. घरी आला. लग्न केलं नाही, भावाच्याच घरात मागच्या खोलीत राहिला आणि बूट शिवायला लागला. पण भावाशी बोलला नाही. एकाच टेबलाशी जेवायचे, आणि मीठ हवं असलं तर नेथन वहिनीला सांगायचा, "डॉक्टरांना म्हणावं मीठ इकडे द्या." असं तो मरेपर्यंत.

फक्त एकदा बोलला. युद्धानंतरची पहिलीच थँक्सगिव्हिंग. अमोसने टर्की कापायला सुरी उचलली. नेथन टर्कीकडे बघत म्हणाला, "विचारलंस का तिला?"

अमोसने सुरी खाली ठेवली. ती टर्की त्या दिवशी जेवायला आलेल्या पाद्र्याने कापली. अमोसने त्यानंतर टेबलावरच काय, दवाखान्यातही हत्यार धरलं नाही. ताप, बाळंतपणं, लहान मुलांचे खोकले एवढंच बघत राहिला. कापायचं काम निघालं की दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचा. आणि नाडी बघायच्या आधीसुद्धा रोग्याला विचारायचा, तुमचा हात धरू का? तान्ह्या मुलालाही विचारायचा म्हणे. त्याच्या तीन मुलांपैकी एकही डॉक्टर झाला नाही.

"घराण्यात दोन पक्ष आहेत," वॉल्टरकाका सांगत. "एक म्हणतो, अमोसने भावाला वाचवलं. दुसरा म्हणतो, भावाला विचारलं नाही. दोन्ही पक्षांचं खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही."

"तुम्ही कुठल्या पक्षात?" मी विचारलं.

"मी अमोसच्या रक्ताचा आणि नेथनच्या बाजूचा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. हा माणूस खरोखर प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. बर्फ पडलं की आपल्या दारातलं काढून झाल्यावर ते आमच्या दाराशी येत आणि घंटा वाजवून विचारत, "तुमच्या पायऱ्यांवरचं काढू का?" मी म्हणायचो, काका, यात विचारायचं काय? तर म्हणत, "तुम्हाला ते हवंही असेल." मृण्मयीच्या पतंगाचा गुंता सोडवायच्या आधी तिला विचारत. लायब्ररीत आपल्या शेजारी ठेवलेलं कुणाचं वर्तमानपत्र घ्यायचं असेल तर तो माणूस परत येईपर्यंत थांबत.

अशा माणसाची गाठ अलकाशी पडली. अलकाच्या हाताखालून कुणी अर्धपोटी उठलेलं मी पाहिलेलं नाही. वॉल्टरकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा तिने दुसरी पोळी वाढायला घेतली. ते म्हणाले, नको, पुरे. तिने वाढली. त्यांनी ती खाल्ली. तिसरी आली. ते पुन्हा नको म्हणाले, तिने पुन्हा वाढली. चौथ्या पोळीला त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "पॅट, मला एक समजून घ्यायचं आहे. तुमच्यात 'नको' या शब्दाचा अर्थ काय होतो?"

"पहिला नको म्हणजे हो," मी सांगितलं. "तो रीत म्हणून असतो. दुसरा म्हणजे अर्धी चालेल."

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर तिसऱ्यांदा म्हणायचं."

"आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर थांबतात?"

"चांगले लोक थांबतात," अलका म्हणाली, आणि चौथी पोळी मागे घेतली.

त्यांना हे फार आवडलं. त्यांनी तो शब्द मराठीतच शिकून घेतला. तेव्हापासून आमच्याकडे वाढप सुरू झालं की ते सुरुवातीलाच हात वर करून सलग म्हणत, "नको, नको, नको," आणि हसत. त्यांना मधुमेह होता हे आम्हाला नंतर कळलं. त्यानंतर अलका त्यांच्यापुरती भाकरी करायची आणि गोडाला आग्रह करायची नाही. तिच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत होती.

२००४ च्या दिवाळीत पाडव्याला ते सकाळी फराळाला आले. आमच्याकडे बूट दाराशी काढायचे असतात, हे त्यांना सवयीचं झालं होतं. मोजे घालून कोचावर बसले. मृण्मयी तेव्हा अकरा वर्षांची होती. नवे कपडे घालून ती सगळ्या मोठ्यांना नमस्कार करत होती, कारण नमस्कारामागे काहीतरी मिळतं हे तिला ठाऊक होतं. ती त्यांच्यापुढेही वाकली आणि दोन्ही पावलांना हात लावला.

"अगं, तू मला विचारलं नाहीस!" ते म्हणाले.

मृण्मयी उठली नाही. आपली बोटं बघत राहिली. "डॅड, इट्स वेट," ती मला म्हणाली. "काकाज् सॉक इज वेट."

मी पाहिलं. उजव्या मोज्याला तळव्याकडे पिवळसर लाल डाग होता आणि तो ओला होता. वास मला वाकल्यावर आला. मी विचारलं, काका, दुखत नाही? ते म्हणाले, काय दुखत नाही? मी त्यांना विचारून मोजा काढला. तळव्याला नाण्याएवढं भोक होतं. दाराशी जाऊन त्यांच्या बुटात हात घातला तर आतून एक खिळा वर आलेला, गालिचा जमिनीला ठोकायला मारतात तसा बारका. किती दिवस त्यावर चालत होते, त्यांना सांगता आलं नाही. मधुमेहाने पायातली जाणीव गेली होती. नमस्काराचा हातही त्यांना कळला नव्हता. मृण्मयी वाकलेली डोळ्यांना दिसली, म्हणून त्यांनी तो विनोद केला होता.

हॉस्पिटलमध्ये कळलं की संसर्ग हाडात गेला आहे. सर्जन तरुण बाई होती, नीट समजावून सांगणारी. ती म्हणाली, औषधांनी हे आटोक्यात येईल असं मला वाटत नाही, आणि रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल. गुडघ्याखाली पाय काढावा असा माझा सल्ला आहे. तुमचा निर्णय काय?

त्या वेळी खोलीत मी आणि अलका होतो. वॉल्टरकाकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तुमचा आभारी आहे. आमच्या घराण्यात हा प्रश्न विचारला गेलेला मी पहिला."

"मग?"

"माझं उत्तर नाही असं आहे."

सर्जनने विचारलं, परिणाम कळले आहेत ना? ते म्हणाले, कळले आहेत. ती गेली. अलका पुढे होऊन त्यांना म्हणाली, "काका, रागावू नका. आमच्यात पहिला नको धरत नाहीत. मी पुन्हा विचारू?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उशीवरून मान थोडी वर केली आणि मराठीत म्हणाले, "नको. नको. नको."

या वेळी हसले नाहीत. अलका खोलीबाहेर गेली. बाहेर जाऊन बघतो तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मीच शिकवलं हो त्यांना," म्हणाली.

ते औषधांवर घरी आले. नर्स रोज येऊन नळीतून औषध देई, आम्ही दोघं आळीपाळीने जात असू. कॅरोल थँक्सगिव्हिंगला आली, तिने बापाशी वाद घातला, विनवण्या केल्या, शेवटी शाळा सुरू झाल्यावर रडवेली होऊन परत गेली. त्या वर्षी टर्की कापली गेली नाही, आणलीच नव्हती. अलकाचा आणि माझाही वाद होई. ती म्हणे, माणूस मरू घातलाय आणि तुम्ही त्याचा शब्द सांभाळत बसलाय. मी म्हणे, शब्द त्याचा आहे, पायही त्याचा आहे. "आणि कॅरोलचा बाप कुणाचा आहे?" ती विचारी.

डिसेंबरात एकदा मी त्यांचा चहा करून दिला आणि सरळ विचारलं. मला आडवळणाने बोलता येत नाही. "काका, उद्या ताप चढला, तुम्ही बोलण्याच्या स्थितीत राहिला नाहीत, तर काय करायचं?"

"तर कॅरोलला विचारतील. तसं मी कागदोपत्री करून ठेवलंय."

"तिने काय सांगावं?"

"तिचं उत्तर तिने द्यावं."

"म्हणजे ती कापा म्हणाली तर तुम्हाला चालेल?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"मग तिने नको म्हणावं असं आहे का?"

"तसंही म्हटलेलं नाही. पॅट, तेव्हा प्रश्न तिला असेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आज इथे बसून दिलं तर मग तिला विचारलं असं कसं होईल?" मग म्हणाले, "अमोसचं काय चुकलं, माहितेय? कापलं हे नाही. नेथनने उत्तर दिल्यावर त्याचं उत्तर पुसून आपलं लिहिलं. तसं मी पोरीचं करणार नाही."

जानेवारीत ताप चढला. दुपारी अलका भाकरी घेऊन गेली तर ते खुर्चीत होते, पण तिला ओळखत नव्हते. ॲम्ब्युलन्स आली. दुसऱ्या दिवशी कॅरोल विमानाने पोचली. संसर्ग रक्तात गेला होता. सर्जन तिला म्हणाली, अजून पाय काढला तर आशा आहे, पण त्यांनी मला नाही म्हटलं होतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं. त्यांना काय हवं होतं, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

कॅरोल कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे आली. "पॅट, तुमच्याशी शेवटी काय बोलले?"

मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तीनदा नको म्हणाले तेही, आणि डिसेंबरातलं बोलणंही, माझे प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्याच क्रमाने. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. अलका शेजारी उभी होती. तिने मराठीत हळूच म्हटलं, "एवढं एक सांगा ना, चालेल म्हणाले म्हणून." मी म्हणालो, "चालेल म्हणाले नव्हते."

कॅरोल खुर्चीत बसली. हातातला कागदी कप ती फिरवत होती. मग तिने विचारलं, "नेथन भावाशी शेवटपर्यंत बोलला नाही, हे खरं असेल?"

"तुमच्याच घराण्याची गोष्ट आहे. मला काय माहीत?"

"लहानपणापासून ऐकतेय. आणि मला नेहमी नेथनचंच वाईट वाटायचं." ती उठली. "पण मागच्या खोलीत तो होता ना? अमोसला रोज त्याच्या हातोडीचा आवाज तरी येत असेल. मला डॅड हवेत, पॅट. माझ्याशी नाही बोलले तरी चालेल. मला ते न बोलणारे हवेत."

तिने सही केली. उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

वॉल्टरकाका वाचले. चार दिवसांनी नीट शुद्धीवर आले. आम्ही तिघंही खोलीत होतो. त्यांनी पांघरुणाकडे पाहिलं, जिथे ते सपाट होतं तिथे. मग कॅरोलकडे.

"मला विचारलं नाही," ते म्हणाले. आवाज बसला होता.

"तुम्हाला विचारण्यासारखं नव्हतं, डॅड. मला विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. नर्सशी बोलत होते. मला विचारलं, माझ्या पायऱ्यांवरचं बर्फ कुणी काढलं? अलकाने सूप दिलं तेव्हा आभार मानले. पण कॅरोलने पाणी पुढे केलं की मान हलवत आणि नंतर नर्सकडे मागत. कॅरोल खुर्ची पलंगाजवळ ओढून बसून राहिली. तिचा चेहरा मला बघवेना. न बोललेलं चालेल असं म्हणणं वेगळं आणि ते समोर बसून सोसणं वेगळं.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी गेलो तर खोलीतून त्यांचा आवाज येत होता. दारातच थांबलो.

"कॅरोल, तू चूक केलीस."

"हो, डॅड."

"मी स्पष्ट नाही म्हटलं होतं."

"हो, डॅड."

"मोठी चूक केलीस."

"हो."

"आता नाश्त्याला काय आहे ते विचार."

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. मला म्हणाली, "ते बोलले!" जसं काही त्यांनी तिला शाबासकीच दिली होती.

मी आत गेलो. ते म्हणाले, "दोन दिवस नेथन होऊन पाहिलं. पॅट, तो माणूस लोखंडाचा असला पाहिजे. माझी जीभ सुजायची वेळ आली." मग पांघरुणावर थाप मारून म्हणाले, "त्याचा डावा गेला, माझा उजवा. आमच्या दोघांचा मिळून एक जोड होतो."

मी म्हणालो, "काका, तुम्हीच म्हणाला होतात ना, तिचं उत्तर तिने द्यावं?"

"म्हटलं होतं."

"मग चूक कशी?"

"तिला विचारलं, तिने उत्तर दिलं, इथपर्यंत सगळं बरोबर. उत्तर चुकलं. परीक्षा घेतली म्हणजे काय सगळ्यांना पास करायचं?"

त्यांना एकट्याने राहणं शक्य नव्हतं. वसंतात घर विकून ते कॅरोलकडे चँडलरला गेले. जायच्या दिवशी गाडी निघायच्या आधी त्यांनी अलकाला विचारलं, "मी तुला मिठी मारू का?" आमच्या लग्नाला वीस वर्षं होत आली होती, पण असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. ती आधी लाजली आणि मग म्हणाली, काका, यात विचारायचं काय?

त्यानंतर दर रविवारी फोन असे. कृत्रिम पाय बसवला होता, पण त्याच्यावर त्यांची मर्जी कधी बसली नाही. नसलेल्या तळव्याला खाज सुटते, म्हणत. असताना काही कळत नव्हतं, आता नसताना कळतं. वाळवंटातला उन्हाळा, कॅरोलचा स्वयंपाक आणि शेजारचे आंध्रचे इंजिनियर, जे पहिल्या नकोला थांबतात म्हणून त्यांना अडाणी वाटत, या सगळ्यावर ते बोलत. मी एकदा विचारलं, "अजून कॅरोलवर राग आहे?"

"राग कसला? पण चूक ती चूक. रोज सकाळी तिला सांगतो, तू चूक केलीस."

"रोज? काका, बास करा आता. बिचारी काय म्हणत असेल?"

"ती म्हणते, हो डॅड." त्यांनी आवाज थोडा खाली केला. ती बहुधा जवळच असावी. "पॅट, तुम्ही हिशेबी माणूस आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. नेथनने एकदाच सांगितलं आणि तोंड मिटलं. अमोस तेवढंच एक वाक्य घेऊन मेला. रोज सांगायचं म्हणजे रोज बोलावं लागतं."

२००७ च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी कॅरोलचा फोन आला. रविवार नव्हता, त्यामुळे मला आवाज ऐकायच्या आधीच कळलं. दुपारी जेवणानंतर खुर्चीत डुलकी लागली होती, त्यातच गेले. त्रास झाला नाही. अलकाने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "कॅरोल, सकाळी बरे होते ना? काही बोलले होते का?"

फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं.

"रोजचंच," कॅरोल म्हणाली. "तू चूक केलीस म्हणाले. मी हो म्हटलं. मग कॉफी मागितली."